गरम बिडाचं बटण

प्रणोती कासारने डाव्या हाताचं बोट टेबलावरच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या तुकड्यावर ठेवलं आणि उजव्या हाताचं पडद्यावरच्या बटणावर. तुकडा तिने मघाशीच गरम पाण्यातून काढून पुसला होता. मग तिने डोळे मिटले. दोन्ही बोटांना एकच गोष्ट लागत होती: जड, रवाळ, विझलेल्या चुलीच्या कडेसारखी उबदार. "जमलं बाई एकदाचं," ती स्वतःशीच म्हणाली आणि समोरचा निवलेला चहा एका घोटात संपवला.

पाच वर्षांपूर्वी असं काही होईल म्हणून कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. पण मधल्या काळात पोतपटल आलं. दिसायला साधा काचेचा पडदा, पण काचेत राईच्या दाण्याहून बारीक असे लाखो बिंदू बसवलेले, थरथरणारे आणि तापणारे. पडद्यावरचं चित्र हे बिंदू वाचतात. उजेड कुठून पडलाय, दाणा केवढा, सावलीत कोणता रंग मिसळलाय, त्यावरून ते बोटाखाली तसाच स्पर्श उभा करतात. पितळ काढलं की पितळ लागतं, पोलाद काढलं की पोलाद. वीस वर्षं ज्यांची चलती होती, त्या सपाट, एकरंगी बटणांची मात्र पार गोची झाली. बोटाखाली त्यांचं काही म्हणजे काही लागेना. मग एका रात्रीत सगळ्या जगाला धातूसारखी दिसणारी बटणं हवी झाली.

आणि धातू काढावा तर प्रणोतीने. तिचं शिक्षण जयसिंगपूरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात झालं होतं. वाढदिवसाच्या बॅनरवर 'भावी आमदार' ही अक्षरं सोन्याची करायची, मंडळाचं नाव चांदीचं, आणि साहेबांच्या गळ्यातली साखळी फोटोत होती त्याहून तिप्पट जाड. दहा वर्षं तिने हेच केलं. पुढे कोल्हापुरात नोकरीला लागली तेव्हा डिझाइनच्या कॉलेजातून आलेली मंडळी तिच्या चकचकीत अक्षरांना नाकं मुरडायची. आता बावन्नाव्या वर्षी तीच मंडळी वह्या घेऊन तिच्या मागे उभी राहत. ती त्यांना शिकवायचीही, पण टोमणा मारल्याशिवाय नाही.

"गोल निवडा, करडा भरा, वरून खाली छटा उतरवा," ती सांगायची. "त्यावर दाणे पेरा. दाणे एका दिशेला ओढले की घासलेलं पोलाद झालं, नुसते मऊ केले की ओतीव बीड. आता कड. वरच्या डाव्या कडेला उजेड, खालच्या उजव्या कडेला सावली, म्हणजे बटण वर उठतं. उलट केलंत तर खळगा पडेल. बाकी काही चुकलं तरी निभेल, पण उजेड एकाच बाजूने यायला हवा. दोन सूर्य फक्त तुमच्या कॉलेजात उगवत असतील."

यंत्राला सांगून चित्रं काढून घेणारे नेमके इथेच आपटायचे. यंत्राच्या चित्रात उजेड चार दिशांनी येतो. डोळ्याला ते खपतं, पोतपटलाला खपत नाही. तेच बटण बोटाला अर्धं वर आणि अर्धं खाली लागतं. म्हणून कंपनीने प्रणोतीला सांभाळून ठेवलं होतं आणि प्रत्येक पॅनेलवर तिची सही घेतल्याशिवाय ते बाहेर जात नव्हतं.

हे बिडाचं बटण शहराबाहेरच्या एका फाउंड्रीसाठी होतं. तिथल्या ओतकामाच्या लाइनवर जुन्या साध्या बटणांच्या जागी प्रत्येक माणसापाशी एक पॅनेल बसणार होतं आणि त्यावर 'थांबवा' असं बटण. अख्ख्या शेडची वीज तोडणारं मोठं लाल बटण भिंतीवर होतंच, पण ते लांब. आपल्यापुढची लाइन तिथल्या तिथे थांबवायची, तर हेच जवळचं. प्रकल्प सांभाळणाऱ्या ऋत्विज गाडगीळने तिला लेखी कळवलं होतं: पोत नुकत्याच ओतलेल्या बिडाचा, तापमान चव्वेचाळीस अंश. चटका बसत नाही, पण ऊब चांगलीच जाणवते.

"गरम कशाला?" तिने विचारलं होतं.

"लक्ष वेधायला," ऋत्विज म्हणाला होता. कारण पटण्यासारखं होतं. तिने तीन दिवस खपून ते काढलं, सावलीच्या थरात चिमूटभर तांबूस रंग मिसळून ऊब आणली आणि खुशीत सही ठोकली. असं बीड पडद्यावर आजवर कुणी आणलं नाही, हे तिला ठाऊक होतं आणि ते ती चारचौघांत सांगतही होती.

शनिवारी सकाळी चाचणीसाठी ती ऋत्विजबरोबर फाउंड्रीत गेली. लाइन बंद होती. लाइनीच्या तोंडाशी एकच पॅनेल तात्पुरतं बसवलं होतं. पहिला पुढे आला तो सिकंदर मुजावर, ओतकामावर तीस वर्षं काढलेला माणूस. रुंद पंजे, पांढरी मिशी. त्याने हातमोजा काढला. दिवा लागला की 'थांबवा' दाबायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं.

दिवा लागला. सिकंदरचा हात झपकन गेला, बटणाला टेकला आणि तितक्याच झपकन मागे आला. मग तो स्वतःशीच हसला, मान हलवली आणि पुन्हा हात पुढे करून बटण दाबलं.

"परत एकदा," ऋत्विज म्हणाला.

पुन्हा तेच. त्याच्यानंतर सहा जण आले. सातही जणांचा हात टेकून मागे आला. कुणी ओशाळून हसलं, कुणी शिवी हासडली. पॅनेल स्वतःच वेळ मोजत होतं. साध्या बटणाला अर्धा सेकंद पुरायचा, इथे दोन सेकंद लागले होते. ऋत्विजने आकडा बघितला आणि मान डोलावली. तो वैतागला नव्हता, खूश होता. प्रणोतीला ते खटकलं.

ती सिकंदरकडे वळली. "सिकंदरभाई, चटका बसला का?"

"न्हाई ओ ताई. चटका कसला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावानी हाय निस्तं," तो म्हणाला. "पन हात ऐकंना. बीड काळं दिसतंय म्हनून गार नसतंय, हे हितं पयल्या म्हयन्यात शिकतंय मानूस. जरा ऊब लागली की हात मागं. डोस्क्याला इचारत न्हाई त्यो."

"आणि दोन सेकंदांत काय होतं?"

"खरा साचा फुटला तर? दोन सेकंदांत लोखंडाचा रस पायाखाली येतोय." त्याने लाइनकडे बोट केलं. "गेल्या साली फुटला हुता. आमच्या दगडूनं टायमात बटन दाबलं म्हनून चौघं जित्तं हाय आमी."

प्रणोतीने ऋत्विजला दंडाला धरून बाजूला नेलं. तिला आता सगळं कळलं होतं, तरी ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

ऋत्विजने आवाज खाली आणला. "मॅडम, एका पाळीत चौदा वेळा लाइन थांबते. त्यातल्या बारा वेळा काही झालेलं नसतं, नुसती शंका. भांड्यातला रस तेवढ्यात घट्ट होतो. मालकांचं म्हणणं एवढंच, की दाबण्याआधी माणसाने जरा विचार करावा. आपण बटण काढलेलं नाही. नाव बदललेलं नाही. दाबू नका असं कुणाला सांगितलेलं नाही. सगळं कायद्यात बसतं."

"कायद्यात बसत असेल. मला नाही चालत. माझी सही मी मागे घेते."

"मग आम्ही यंत्राकडून काढून घेऊ."

"घ्या की. बटण अर्धं वर, अर्धं खाली लागेल. मग मालकांना सांगा, की नवीन फॅशन आहे."

ऋत्विजचा चेहरा उतरला. तो फोन घेऊन शेडच्या दाराकडे गेला. प्रणोती तिथेच उभी राहिली. तिला राग त्याचा आला होताच, पण त्याहून स्वतःचा आला होता. तीन दिवस ती ऊब अगदी खरी व्हावी म्हणून झटली होती, आणि ज्याच्या हाताखाली हे बटण येणार त्या माणसाला भेटायला मात्र एकदाही आली नव्हती. भावी आमदाराची साखळी जाड केली तर फार तर गावभर हसं होतं. इथे चार माणसं जळाली असती, आणि पॅनेलवर सही तिची असती.

ती परत सिकंदरपाशी आली. "सिकंदरभाई, तुमचा हात न विचारता मागे येतो ते बघितलं. न विचारता पुढे कशावर जातो?"

सिकंदरने मिशीवरून हात फिरवला. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांच्यातला दगडू म्हणाला, "नळावर की!"

सगळे एकदम बोलायला लागले. शेडच्या मागे पाण्याचा एक जुना पितळी नळ होता. भट्टीपुढून सुटलं की माणूस डोळ्यांवर घाम असतानाही धावत येऊन तो धरायचा. पाणी यायच्या आधी ते गार पितळच हाताला बरं वाटायचं. प्रणोती मागे जाऊन नळासमोर उकिडवी बसली. चावी हजार हातांनी झिजून गुळगुळीत झाली होती, मधे उजळ पिवळी, कडेला हिरवट काळी. तिने ती मुठीत धरली, सोडली, परत धरली. मग लॅपटॉप काढून तिथल्याच एका पालथ्या बादलीवर ठेवला.

जेवणाची सुट्टी झाली होती. सातही जण डबे घेऊन तिच्याभोवती बसले. पडद्यावर गोल आला, त्यात पिवळा उतरला, दाणे आले. मधले दाणे तिने पुसून टाकले, कारण तिथे हात फिरलेले असतात. सावलीत तांबूसऐवजी निळा मिसळला, तशी ऊब निघून गेली. "कडंला जरा काळं ठेवा, ताई," तोंडातला घास गिळत कुणीतरी म्हणालं. तिने ठेवलं.

ऋत्विज आला तोवर ती पॅनेलवर नवं बटण चढवत होती.

"तुम्हाला हा अधिकार नाही," तो ओरडला. "हे पॅनेल कंपनीचं आहे!"

"पॅनेल कंपनीचं. हात ह्यांचे," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

दिवा लागला. सिकंदरचा पंजा गेला तो बटणावर बसलाच, वर क्षणभर तिथे रेंगाळला. आकडा आला अर्ध्या सेकंदाच्याही आतला. दगडूने दाबलं, मग एकेकाने दाबलं, मग कारण नसताना पुन्हा दाबलं. सिकंदरने हातमोजा कमरेला खोचला आणि ऋत्विजसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, मालकांना सांगा. ह्ये बटन असंल तर सोमवारी लाइनीवर उभं ऱ्हातो. ते मघाचं असंल तर तुमी उभं ऱ्हावा, आमी लांबनं बगतो."

ऋत्विजने सातही चेहरे बघितले. मग तो प्रणोतीला म्हणाला, "सोमवारपासून तुम्ही येऊ नका."

"नाही येणार. पण मघाच्या बटणाचे सगळे थर, आणि चव्वेचाळीस अंश म्हणून तुम्ही मला लिहिलेलं पत्र, दोन्ही मी आजच कारखाना निरीक्षकांकडे देते. माझ्या नावासकट. काढलंय मीच ना ते!" एवढं बोलून तिने लॅपटॉप मिटला. 

सिकंदर तिला फाटकापर्यंत सोडायला आला.  फाटकाशी आल्यावर तो थांबला.

"ताई, एक इचारू? आमची बायको शमीम गेल्या आठवड्यात दवाखान्यात गेलती. पोटाचं ऑपरेशन सांगितलंय. करायचं न्हाई, आदी दुसऱ्या डाक्टरला दाखवायचं, असं आमचं घरात ठरलं हुतं. पन तितं संमतीच्या पॅनेलवर 'हो' दाबून आली. इचारलं तर म्हनली, मीच ठरवलं. मग म्हनली, 'नको'चं बटन लई गिळगिळीत लागलं, हात लावू वाटंना."

प्रणोतीने लगेच विचारलं, "ऑपरेशन कधी आहे?"

"मंगळवारी."

"मग आजच जाऊ. ते बटण मला बघू दे. त्याच्यावर कुणाची तरी सही असेलच." ती रिक्षाला हात करायला पुढे झाली.

सिकंदर जागचा हलला नाही. आपला उघडा पंजा तो उलटसुलट करून बघत होता, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता.

"जाऊ की," तो म्हणाला. "पन ताई, मी आन् तिनं आजपातूर जितं जितं बोट लावून 'हो' म्हटलंय, त्यातलं आमचं किती?"