ओलासाबालची नोट

"तीन ओलासाबाल काढा, बाई," सिप्रियानो पाववाला म्हणाला. त्याची जीभ आधीच तिखट. "काल दोनांत भागत होतं. तुमच्या वडिलांची किंमत घसरली हो!"

रांगेतली माणसं हसली. ऑरेलियाही हसली, न हसून करते काय? पेरूतल्या लिमात नोटेला तिच्यावरच्या माणसाच्या नावानंच ओळखायचं. पाचशे इंतींची नोट म्हणजे ओलासाबाल, तिचे लेखक वडील. तादेओ ओलासाबालनं कादंबरीत आपल्याच सैनिकांच्या पळपुटेपणाची टर उडवली, म्हणून याच शहरानं त्याला देशद्रोही ठरवून त्याच्याच दारात त्याची पुस्तकं जाळली होती. भेदरलेल्या आईनं घरातले फोटोही त्याच जाळात टाकले. मेल्यावर मात्र त्याचे गोडवे सुरू झाले. वाचलेला एकुलता एक फोटो ऑरेलियानं नोटेसाठी देऊन टाकला. आता बाबांना बघायचं तर नोटेवरच.

पासष्टीची ऑरेलिया एकटी राहायची. बाबांच्या आठवणी ती एका वहीत टाकानं लिहून ठेवत होती. कोटाचा कापराचा वास, दाढी करतानाची शीळ, आणि "पारवे, दार उघड गं!" ही हाक. बाकी जगाला त्यांचं शहराशी झालेलं भांडण माहीत होतं, ही हाक तिच्या एकटीची होती.

जूनमधल्या एका शुक्रवारी, दुपारीच, मध्यवर्ती बँकेनं इंतीचा भाव आणखी पाडल्याचं रेडिओवर सांगितलं. ऑरेलियानं वही उघडली. पहिलं पान कोरं होतं. बोट फिरवलं तर टाकाचे खळगे लागत होते, शाई तेवढी नव्हती. इथं काय लिहिलं होतं? काही केल्या आठवेना.

पंधरा दिवसांनी पुन्हा भाव पाडला. चार पानं गेली. दाढी करताना बाबा काहीतरी करायचे. काय बरं करायचे?

ती तशीच धुक्यातून पाववाल्याकडे धावली.

"सिप्रियानो, बाबा तुझ्याकडे यायचे तेव्हा काय बोलायचे रे?"

"अहो, बोलायचे की! रोज पाव दाबून बघायचे आणि..." त्याचा हात थांबला. "आणि... रोज यायचे ना ते? का नव्हते येत?"

हा चेष्टा करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं बँकेच्या खिडकीची जाळी दोन्ही हातांनी धरली.

"त्यांना नोटेवरून उतरवा हो. भाव पडला की माझे बाबा जातात. पाया पडते तुमच्या."

आतल्या कारकुनानं चष्मा काढला. "रडू नका, सेन्योरा. सोमवारी दुपारी बारापासून ती नोट बाद. चलनच नवं येतंय, शून्यं कापून."

"म्हणजे मग ते सुटले?"

"सुटले म्हणा."

तिनं जाळीतून त्याची बोटं धरली. घरी येऊन आरशाच्या चौकटीत एक ओलासाबाल खोचला, आठवणीपुरता. मग वहीच्या शेवटच्या पानावर टाक दाबून दाबून एकच शब्द लिहिला: पारवे. एवढा एक वाचला तरी पुरे, देवा.

सोमवारी बारा वाजता रेडिओ बोलला.

ऑरेलिया ओट्याशी उभी होती. गाल ओले होते. धुकं आत आलं असेल, म्हणून तिनं खिडकी लावली.

आरशाला बाद झालेली एक नोट खोचलेली दिसली. तिच्यावर कुणी म्हातारा होता, डोळे मायाळू. तिनं त्या नोटेची सुरळी करून स्टोव्ह पेटवला.

टेबलावर एक वही उघडी पडली होती. अख्खी कोरी! कुणाची कोण जाणे. पावाचा हिशेब लिहायला बरी, असं म्हणून तिनं पेन्सिल घेतली. टोक बोथट होतं, म्हणून ते कागदावर आडवं घासलं.

काळ्या रेघांतून पांढरी अक्षरं वर आली.

पारवे.

कुणाची बरं ही मुलगी? ऑरेलियाला वाईट वाटलं. कुणीतरी फार जीव लावून हाक मारली होती तिला.

तिनं त्याच्याखाली लिहिलं: पाव, दोन.