पलीकडचं बोट

आमच्या शेजारी दोन भाऊ राहायचे. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे त्यांच्याकडे कोण किती वाजता शिंकलं हेही आम्हाला कळायचं. थोरला तपासनीस. गल्लीत त्याला 'लोखंडाचा डॉक्टर' म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पोटावर गार जेल फासून आतलं बाळ बघतात ना, तसंच तो लोखंडाचं बघायचा. न कापता, न फोडता. टाकीच्या अंगाला जेल लावायचं, त्यावर काडेपेटीएवढा प्रोब टेकवायचा आणि गळ्यात अडकवलेल्या डब्याच्या पडद्याकडे बघत राहायचं. लोखंडात आवाज जातो, कुठे चीर असली की तिथून माघारी फिरतो, आणि पडद्यावरच्या हिरव्या रेघेवर एक टोक उभं राहतं.

धाकटा एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात वाफेच्या टाक्या चालवायचा, आणि त्या टाक्या तपासायचं काम थोरल्याकडेच होतं. म्हणजे थोरल्याने सही करायची आणि धाकट्याने त्या सहीच्या भरवशावर टाकीशेजारी खुर्ची टाकून आठ तास बसायचं. वहिनी चेष्टेने म्हणायची, पाठचा भाऊ तिथे बसतो म्हणून तरी हे डोळे उघडे ठेवतात.

पुढचं सगळं धाकट्याने सांगितलेलं. मी त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

त्या रविवारी सकाळी काम नेहमीचंच होतं. कारखान्यात दोन टाक्या. एक ताडासारखी उभी, दुसरी जमिनीवर निजलेली. कामगार त्यांना 'उभी' आणि 'आडवी' एवढंच म्हणत. आडवी चालू होती, तिच्यावर तिघेजण पाळीला होते. उभी महिनाभर बंद. धुऊन, सुकवून, झाकण आवळून ठेवलेली. सोमवारी सहाला ती सुरू व्हायची होती आणि पहिली पाळी धाकट्याची. त्याआधी थोरल्याने तिचे वेल्डिंगचे जोड तपासून कागदावर सही करायची. मदतीला कुणी नव्हतं, म्हणून तो धाकट्यालाच घेऊन गेला.

पूर्वी असं नव्हतं. बावीस वर्षं थोरल्याला एक जोडीदार होता. टिचकीराव म्हणत त्याला. थोरला टाकीच्या बाहेर प्रोब धरायचा आणि टिचकीराव आत शिरायचा. कारण पडद्यावर आलेलं टोक चिरेचं की जोडाच्या आतल्या बाजूला राहिलेल्या साध्या उंचवट्याचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी. मग टिचकीराव आतून एकेका जागी तेलात बुडवलेलं बोट टेकवायचा. बोट आवाज पिऊन टाकतं. बरोबर जागेवर टेकलं की पडद्यावरचं टोक बसतं, उचललं की उठतं. टोक नाचलं की समजायचं, आवाज इथूनच येतोय. टिचकीरावाची टिचकीही ठरलेली. दोनदा चटकन, तिसऱ्यांदा दाबून.

आठ महिन्यांपूर्वी टिचकीराव गेला. घरी, अंथरुणात, फुप्फुसाच्या दुखण्याने. तेव्हापासून थोरला बाहेरूनच बघायचा. झाकण उघडायचं तर दोन तास, आतली हवा तपासायला आणखी वेळ, वर कारखान्याच्या साहेबांची कुरकुर. टोक आलं की तो मागचा अहवाल काढायचा. त्यात 'उंचवटा' लिहिलेलं असलं की आपणही 'उंचवटा' लिहायचा. हे धाकट्याला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

सातव्या जोडाशी पोचेपर्यंत अकरा वाजले. शेडमध्ये ओल्या कागदाचा आंबूस वास कोंडला होता. भिंतीपलीकडून आडवीची घरघर येत होती, झोपलेल्या माणसाच्या घोरण्यासारखी, एका लयीत. सातव्यावर टोक आलं. थोरल्याने अहवाल उघडला, बोट फिरवलं, 'उंचवटा' असं पुटपुटला आणि पुढे सरकणार तेवढ्यात थबकला.

टोक बसलं. उठलं. बसलं. उठलं. मग बसलं ते थोडा वेळ बसूनच राहिलं.

थोरला म्हणाला वायर ढिली असेल. वायर बदलली. खिशातला नमुन्याचा लोखंडी ठोकळा काढून त्यावर प्रोब लावला; टोक खांबासारखं स्थिर. परत जोडावर लावला. दोनदा चटकन, तिसऱ्यांदा दाबून.

धाकट्याने विचारलं, यंत्र बिघडलंय का. थोरल्याने प्रोब पुन्हा त्याच जागी दाबून धरला. त्याच्या मानेवरून घाम निघून कॉलरमध्ये मुरत होता, तेवढा धाकट्याला दिसला. तो अगदी हळू म्हणाला,

"झाकण उघडायचं."

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. रविवारी घरून उठून आलेले, पायात नवे कडक बूट. त्यांनी बरंच ऐकवलं. उद्या सहाला वाफ नाही मिळाली तर वर काय तोंड दाखवू, आठ महिने बाहेरून चाललं ते आजच का चालेना, तुम्ही डॉक्टर की देवऋषी. थोरल्याने सगळं ऐकून घेतलं आणि पाना उचलला.

झाकण निघालं, हवा तपासून झाली, आणि थोरला दिवा घेऊन आत शिरला. धाकटा तोंडाशी बसून बघत होता. आत सगळं हाडासारखं कोरडं. सातव्या जोडाशी मात्र तेलाचा एक डाग होता, बोटाच्या पेराएवढा, अजून ओला. थोरला त्या डागाकडे इतका वेळ बघत राहिला की धाकट्याला हाक मारावी लागली. मग त्याने जागा पुसून तिथे लाल रंग लावला, मुरू दिला, पुसून काढला आणि वर पांढरी पूड फवारली. चीर असली तर तिच्यात मुरलेला रंग पुडीतून वर येतो. दोघे वाट बघत बसले. पांढऱ्यावर आधी एक ठिपका उमटला, मग दुसरा, मग वीतभर लांबीची लाल रेघ झिरपून आली.

उद्या सकाळी धाकट्याची खुर्ची त्या रेघेपासून चार हातांवर असती.

बाहेर आल्यावर थोरला भिंतीला टेकून खाली बसला. तेव्हा त्याने धाकट्याला सगळं सांगितलं; टिचकी कुणाची होती ते, आणि मागचे अहवाल बघून आपण काय लिहीत आलो तेही. धाकटा एवढंच म्हणाला, की टिचकीरावांनी निदान पाठ तरी सोडली नाही. थोरला हसला नाही.

साहेबांनी रेघ बघितली आणि मुकाट्याने उभी बंद ठेवायचं कबूल केलं. पण लगेच फर्मान काढलं, की तिची वाफ आडवीतूनच काढायची. दाब वाढवा, आणि धाकट्या, तूही आता तिथेच जा, तिघांना आवरणार नाही. धाकटा गेला. अंगणाकडचं लोखंडी दार लोटून तो आडवीच्या खोलीत शिरला. पाळीवरच्या तिघांनी त्याची यथेच्छ टर उडवली, भावाने सुट्टीच्या दिवशी कामाला जुंपलं म्हणून. एकाने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

पंधरा मिनिटंही झाली नसतील. थोरला दारात आला. त्याने धाकट्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत बाहेर अंगणात आणलं.

आडवीचं शेपूट भिंतीतून अंगणात निघालेलं आहे. तिथे तिच्या जाड वेष्टणात तपासणीसाठी एक चौकोन कापलेला असतो. थोरल्याने गरम लोखंडासाठीचं वेगळं जेल लावून तिथे प्रोब टेकवला. डबा त्याने धाकट्याच्या समोर धरला.

टोक नाचत होतं. पण टिचकीरावासारखं नाही. एक बोट जड, सावकाश. एक थांबत थांबत. एक नुसतं टेकवल्यासारखं. एकमेकांत गुंतलेली, तरी वेगळी ओळखू येत होती.

"किती दिसतात?" थोरल्याने विचारलं.

"तीन... दादा, आत तर उकळती वाफ आहे."

"मघाशी चार होती. चौथं फार घाईघाईचं होतं. तू बाहेर आलास आणि ते थांबलं."

धाकट्याने दाराकडे बघितलं; पाळीवरचे तिघे अजून आतच होते. गेल्या महिन्यात आडवीही थोरल्याने बाहेरूनच तपासली होती, आणि तिच्याही अहवालावर 'उंचवटा' असंच लिहिलं होतं. शेपटाजवळचा दाबाचा काटा वर चढत होता. थोरल्याने डब्याचा पट्टा धाकट्याच्या गळ्यात घातला, प्रोब त्याच्या हातात दिला, हलवू नकोस म्हणून बजावलं आणि आत धावला.

आतली घरघर बसली. थोरल्याने लाल बटण दाबलं होतं. शिव्या ऐकू आल्या, खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि तिघेजण एकामागून एक अंगणात आले. पहिला उंबऱ्याबाहेर पडला आणि जड बोट थांबलं. दुसरा आला, थांबत थांबत टेकणारं गेलं. तिसरा बाहेर आला आणि टोक सरळ, स्थिर उभं राहिलं. शेवटी थोरला आला आणि त्याने दार लोटून घेतलं. तिघे तावातावाने बोलत होते, नोकरी घालवणार का आमची म्हणून. थोरल्याने फक्त पडद्याकडे बघितलं आणि इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला.

तेवढ्यात टोक पुन्हा बसलं.

हे नवं होतं. ठाम, अधीर, दारावर हुकमाने वाजवावं तसं. थोरल्याने मागे वळून माणसं मोजली. भाऊ धरून चार. चौघेही उन्हात उभे.

"आत कोण गेलं?"

तिघांतल्या एकाने कचेरीच्या बाजूला मान वळवली. आडवीच्या खोलीला तिकडून दुसरं दार आहे. "साहेब असतील. बटण कुणी दाबलं म्हणून ओरडत होते... परत सुरू करायला गेले असतील."

थोरल्याने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. आत फरशीवर कडक बुटांचा आवाज तेवढा चालला होता. मग भट्टी पेटल्याचा धप्प आवाज झाला आणि घरघर सुरू झाली. थोरला दाराच्या दिशेने निघाला.

पडद्यावर दुसरं बोट नाचायला लागलं.

धाकट्याच्या तोंडून 'दादा' एवढंच बाहेर पडलं. थोरला थांबला, मागे आला, पडद्यात डोकावला. दुसरं बोट थांबलं. त्याने पडद्यावरची नजर न काढता दाराकडे एक पाऊल टाकलं. ते सुरू झालं. पाऊल मागे घेतलं. ते थांबलं.

धाकट्याने मोकळ्या हाताने त्याची बाही धरली. वहिनीचं नाव घेतलं, मुलींची शपथ घातली. साहेबांनी आपल्या पायांनी आत जाऊन स्वतःच भट्टी पेटवलीय, तू काय करणार, असंही म्हणाला. थोरला ऐकत होता. त्याने धाकट्याची बोटं बाहीवरून एकेक करून सोडवली.

"त्या कागदावर सही माझी आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "यांना फाटकाबाहेर घेऊन जा. आणि पडद्याकडे बघू नकोस."

तो गेला. लोखंडी दार त्याच्या मागे आपोआप लागलं. तिघांनी सांगायची वाट बघितली नाही, ते फाटकाकडे पळाले. धाकटा मात्र तिथेच उभा राहिला. प्रोब तसाच टाकीला टेकलेला, डबा गळ्यात. आणि बघू नकोस म्हटल्यावर कोण बघणार नाही.

दोन बोटं नाचत होती. एक अधीर, एक शांत. बराच वेळ. आतून थोरल्याचा आवाज आला, साहेबांचा आला, दोघांचे आवाज एकमेकांवर चढले.

मग दोन्ही बोटं एकदम थांबली. टोक रेघेवर सरळ उभं राहिलं. धाकट्याला वाटलं, सुटले, आले बाहेर. त्याने मान वर करून दाराकडे बघितलं.

दार अजून बंद होतं. आतली घरघर वाढतच चालली होती. आणि पलीकडे दोघे अजून बोलत होते.