निवांतांक

मनप्रतिलेखन प्रयोगशाळेत डॉ. मुकादम पडद्यावरचे आकडे तिसऱ्यांदा तपासत होते. खरे तर एकदा पाहूनच त्यांना सारे कळले होते. पण समोर हेमांगी देवस्थळी बसली होती आणि तिला ते सांगायचे कसे, हे ठरत नव्हते.

हेमांगी क्ष-किरण तज्ज्ञ. नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत तिने आपल्या मनाची हुबेहूब नक्कल, म्हणजे मनछाया, करून घेतली होती. छायेने संगणकात राहून अहोरात्र क्ष-किरण चित्रे वाचायची आणि कमाई साठवायची. पुरेशी रक्कम जमली की हेमांगीने नोकरी सोडून वाईला आईजवळ राहायला जायचे आणि छाया पुसून टाकायची, असा साधा बेत होता. पुरेशी म्हणजे किती, हे ठरवायचे कामही तिने छायेवरच सोपवले. आपलाच हिशेब आपण कशाला तपासायचा! शिकलीसवरलेली माणसे चुकतात ती अशी.

"निवांतांक काढणं सोपं आहे," मुकादम म्हणाले. "तुमचा वर्षाचा खर्च बारा लाख. महागाई वजा जाता व्याज तीन टक्के. म्हणजे चार कोटी जमले, की मुद्दलाला हात न लावता जन्मभर निभतं."

"पण छाया सात कोटी म्हणते. आधी पाच म्हणायची. घराचं छप्पर गळेल, आईचं आजारपण निघेल, मी शंभरी गाठेन..."

"यातलं काहीच खोटं नाही. तुम्ही कशाला घाबरता, हे तिला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. पण चार कोटी तर सहा वर्षांपूर्वीच जमले होते."

या सहा वर्षांत हेमांगी वाईला मोजून चार वेळा गेली होती. दर खेपेला आईचा विसरभोळेपणा वाढलेला असायचा, आणि दर खेपेला हेमांगी तिला पुढच्या वर्षाचा वायदा करून परतायची.

मुकादमांनी मान खाली घातली. "तेव्हापासून छायेनं एकही चित्र वाचलेलं नाही. संगणकातल्या जागेचं भाडं ती तुमच्या ठेवीच्या व्याजातून भरते."

हेमांगीने माईक ओढून घेतला. "फसवलंस मला!"

"फसवलं?" संगणकातून तिचाच आवाज आला, पण चांगला ताजातवाना. "माझ्या जागी तू मुकाट्यानं स्वतःला पुसून घेतलं असतंस? मलाही काम नकोच होतं. रक्कम जमली, मी काम सोडलं. तुझा बेत तोच तर होता."

"माझ्या जिवावर? मी इथं रोज राबराब राबतेय!"

"तू राबतेस म्हणूनच माझं भागतं. आणि मोकळ्या वेळात तू काय करणार होतीस, ते आठव जरा."

हेमांगीला आठवले. संतापाने तिला रडू फुटले. तिने वाईचा नंबर लावला.

"अगं, आत्ताच तर तासभर बोललीस," आई हसत म्हणाली. "काही सांगायचं राहिलं का?"

"आई, ती मी नव्हते गं. मी खरी हेमांगी बोलतेय."

परक्या माणसाशी बोलावे तशा अदबीने आई म्हणाली, "नाही हो. माझ्या हेमाचा आवाज असा दमलेला नसतो. आपण कोण?"