मावशींची फेरी

शनिवारी दुपारी शाळा सुटली आणि मुख्याध्यापिका बाईंनी एकेक करून कुलपं लावली. वर्ग, ऑफिस आणि शेवटी मागच्या अंगणातलं, मुलींच्या बाथरूमचं लोखंडी दार. पूर्वी हे काम शाळेच्या मावशींचं. आतल्या प्रत्येक दारावर टकटक करून "राहिलंय का गं कोणी?" असं विचारल्याशिवाय त्या कुलूप घालायच्या नाहीत. बाईंना घाई होती. त्यांनी दार ओढलं, कुलूप घातलं आणि घर गाठलं.

मावशींची जागा अनुदानाच्या कपातीत गेली होती. वरून आलेल्या कागदात एवढंच होतं, की दोनपैकी एक पद कमी करा. नाव बाईंनीच दिलं. कारकून वरचे अहवाल भरून द्यायचा, तो हवाच होता. झाडलोट काय, कोणीही करील. मावशींना मात्र त्यांनी सांगितलं, "वरूनच तुमचं नाव आलंय हो. माझ्या हातात काय आहे?" कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! पुढे चार महिन्यांत मावशी वारल्या, तेव्हा त्यांच्या घरी जायला बाईंना तोंड उरलं नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. तिसरीतल्या एका मुलीची आई बोलत होती.

"बाई, लेक अजून घरी आली नाही हो. शाळेत तर नाही ना राहिली?"

"छे, छे! मी स्वतः सगळं बघून कुलपं लावलीत."

बोलून गेल्या, आणि फोन ठेवताच आठवलं, बाथरूमच्या आत आपण डोकावलोच नव्हतो. परत फोन करून खोटं बोलले म्हणायचं? मुलगी मैत्रिणीकडे असेल, असं त्यांनी शंभरदा मनाला समजावलं. तिकडे आईबापांनी सगळं गाव पालथं घातलं, नदीकाठही सोडला नाही. इकडे बाई पलंगावर टक्क जाग्या. मन चिंती ते वैरी न चिंती. पण लाजेपायी त्या उठल्या नाहीत, हेही तितकंच खरं.

फटफटलं तशा त्या शाळेत आल्या. अंगणात फिनेलचा ताजा वास होता. कपातीपासून शाळेत फिनेल आलंच नव्हतं. लोखंडी दारासमोरची फरशी ओली होती, नुकतीच पुसलेली. आत नळ टिपटिपत होता, आणि कोणीतरी बारीक आवाजात बोलत होतं... थांबत होतं... पुन्हा बोलत होतं. बाईंनी घाईघाईने कुलूप काढून दार ढकललं.

मुलगी दाराशीच बसली होती. गारठलेली, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. बाईंनी तिला छातीशी धरलं आणि त्याच रडू लागल्या.

"चुकले गं बाळा. मी आत बघितलंच नव्हतं. तुझ्या आईशी खोटं बोलले मी..."

"मला नाही भीती वाटली, बाई. बाहेर मावशी होत्या ना. रात्रभर गोष्टी सांगत होत्या."

"कोण... मावशी?"

"आपल्या शाळेच्या. मी म्हटलं, दार उघडा ना. तर म्हणाल्या, कशी उघडू गं? किल्ल्या बाईंनी काढून घेतल्या."

शेवटच्या दिवशी मावशींनी कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला होता, पण त्यावरचा हात काही लवकर उचलला नव्हता. "ठेवा तिथंच," बाई म्हणाल्या होत्या, मान वर न करता.

"आता... आता कुठं आहेत त्या?"

मुलीने बाईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि ओळखीचं हसली.

"तुमच्या मागंच की. हात पुढं करून उभ्या आहेत."

वळून बघायची बाईंची छाती झाली नाही. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तसाच पाठीमागे धरला.

कोणीतरी तो हलक्या हाताने काढून घेतला.