तीन इंच कमी

व्हर्लिन स्टब्सने सासऱ्याच्या ट्रकचं छप्पर कापलं ते सोमवारी सकाळी, बायको बाजारात गेलेली असताना.

ऑइलडेल गावात जुने पिकअप ट्रक सजवणारे पुष्कळ, पण व्हर्लिन त्यांतला कर्मठ. पन्नासच्या दशकातली पोरं ट्रक बनवत तसाच तो बनवणार; तेव्हा नसलेला स्क्रूसुद्धा त्याला चालत नसे. चौतीस सालची ही फोर्ड आठ वर्षं त्याच्या डोळ्यांत भरली होती. सासरा होइट जिवंत असेतो कुणाला हात लावू देत नव्हता. तो गेला, आणि नेडीनने किल्ली नवऱ्याला दिली.

"काय हवं ते कर," ती म्हणाली होती, "छपराला मात्र हात लावायचा नाही. डॅडी साडेसहा फूट. दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांचं डोकं मावलंच नाही."

व्हर्लिन हो म्हणाला होता. पण छप्पर तीन इंच खाली आणल्याशिवाय रविवारच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात त्याच्या ट्रककडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. त्याने छपराचे खांब कापले, छप्पर खाली बसवलं, सांध्यांत शिसं भरलं. नेडीन परतली, तिने पाहिलं आणि पिशव्या घेऊन सरळ घरात गेली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मंगळवारी धुकं इतकं दाट होतं की शेडचं कुलूप त्याला चाचपून उघडावं लागलं. ट्रकच्या छपरावर, ड्रायव्हरच्या जागेच्या बरोबर वर, टेंगूळ आलं होतं. आतून कुणी नेटाने दाबल्यासारखं. केबिनमध्ये होइट लावायचा त्या केसांच्या तेलाचा वास होता.

"पत्रा तापून निवला की फुगतो," ट्रकवर बारीक रेषा रंगवायला आलेला एल्डन म्हणाला. "चाळीस वर्षं काय गवत उपटत होतास?"

व्हर्लिनने ठोकून सपाट केलं. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी भर दुपारी दोघंही शेडमध्ये असताना केबिनमधून टक् असा आवाज आला, आणि पत्रा हळूहळू वर येऊ लागला.

"एल्डन... बघतोयस ना?"

"मी काही बघितलं नाही," एल्डन म्हणाला. त्याने ब्रश गोळा केले आणि झाकण न लावलेला रंगाचा डबा तसाच टाकून तो निघून गेला.

रात्री जेवताना व्हर्लिनने बायकोला सांगितलं. नेडीन बीन्स वाढत होती.

"मग त्यांची सीट खाली कर," ती म्हणाली. "मान वाकवून बसलेत ते."

"तुला भीती नाही वाटत?"

"डॅडींची? मला तुझा राग आलाय, व्हर्लिन."

विमानाच्या भंगारातून आणलेल्या दोन सीट त्याने हौसेने बसवल्या होत्या. शुक्रवारी ड्रायव्हरची सीट त्याने तीन इंच खाली घेतली, छप्पर पुन्हा ठोकलं. संध्याकाळपर्यंत पत्रा सपाटच राहिला. किती दिवसांनी त्याला पोटभर हसू आलं.

शनिवारी सकाळी ड्रायव्हरची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. टेंगूळ आता छपराला शेजारच्या सीटच्या बरोबर वर आलं होतं. पहिल्यापेक्षा लहान.

आतून खडूने खूण करावी म्हणून तो त्या सीटवर बसला. दार आपल्या वजनाने लागलं. त्याचं डोकं त्या खळग्यात चपखल बसलं. त्याने बोटं फिरवली. लहानपणी शिडीवरून पडून त्याच्या टाळूवर एक वेडीवाकडी खाच राहिली होती. पत्र्यात तीच खाच उमटली होती, त्याच जागी. तो तसाच बसून राहिला. बाहेर पडायला हवं हे त्याला कळत होतं.

नेडीन कॉफी घेऊन शेडच्या दारात आली. आता तिचा राग उतरला होता.

"झाला का तयार? उद्या तूच चालवणार ना?"

व्हर्लिनने स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर, आतून, वाफ धरत होती. जरा विरायची, पुन्हा धरायची, संथपणे.