गळक्या तोटीचा शोध

"गळतेय! हीसुद्धा गळतेय!" बंब्या ओरडला.

कारखान्यात सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. काल दुपारी स्टीलच्या टाकीला पितळी तोटी जिथे जोडली होती, नेमकं तिथूनच पाणी टपकत होतं. टिंगी, तिचा धाकटा भाऊ बंब्या आणि शेजारची, सगळे जिला 'प्रश्नचिन्ह' म्हणत ती मैत्रीण, अशी तिघं इथे जोडकाम करणाऱ्या आत्याचा डबा द्यायला आली होती. पण ती गळती बघून डबा टिंगीच्या हातातच राहिला.

"बाई, आठवडाभर हेच चाललंय!" मॅनेजरकाकांचा आवाज चढला. "संध्याकाळी दवाखान्याचा ट्रक येतोय, त्यांना काय गळक्या टाक्या देऊ? उद्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा. जोडकाम दुसरं कुणीतरी बघेल."

घरी भल्याभल्यांना फैलावर घेणाऱ्या आत्याने चक्क मान खाली घातली! या जोडकामावर आत्याचा केवढा जीव होता!

"माझेच हात थकले असतील गं," आत्या पुटपुटली.

"काहीतरीच! काल कॅरममध्ये याच हातांनी आम्हाला धूळ चारलीस ना?" टिंगी म्हणाली.

"पण आत्या, दोन्ही धातू सरळ वितळवून का नाही चिकटवत?" प्रश्नचिन्हने विचारलं. तिला हे नाव का पडलं, ते तिने तोंड उघडलं की कुणालाही कळे.

आत्याला जरा हसू आलं. "अगं, स्टील वितळेपर्यंत पितळ कुठलं दम धरायला! त्यातलं जस्त धूर होऊन उडून जातं आणि मागे नुसती चाळण उरते. म्हणून दोघांना बेतानं तापवायचं आणि मधल्या फटीत चांदीची तार वितळवायची. जागा घासून स्वच्छ असली की चांदी सरसर आत पळते. हल्ली मात्र वरच्यावर बसते, आत सगळं पोकळ."

"नेहमीच?"

"छे! सकाळी घासल्या घासल्या जोडते, तेव्हा शहाण्यासारखी वागते. घासून ठेवून जेवायला गेले, की दुपारी अडून बसते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत इथे काहीतरी होत होतं!

आत्या टाक्या घासून जेवायला गेली, तशी पोरं रिकाम्या खोक्यांमागे दडून बसली. थोड्याच वेळात गाणं गुणगुणत आले कोण, तर खुद्द मॅनेजरकाका! एका हातात बाटली, दुसऱ्या हातात फडकं. फुस्स! त्यांनी घासलेल्या जागेवर फवारा मारला आणि लाडानं ती पुसायला लागले.

"वा, वा! कशी आरशासारखी दिसतेय!"

बंब्या उसळून उठणार, तेवढ्यात टिंगीने त्याला चिमटा काढला. "गप! आत्ता बोललो तर म्हणतील, पोरांना काय कळतं!"

काकांची पाठ वळताच तिने शेवटची टाकी हळूच खोक्यांमागे ओढून घेतली. काकांच्या ते गावीही नव्हतं. बाकीच्या टाक्या चकाकवून ते खुशीत निघून गेले.

आत्या परतल्यावर टिंगीने तिच्यापुढे दोन टाक्या ठेवल्या. एक पुसलेली, एक पळवलेली. "आधी या दोनच जोड. का ते विचारू नकोस!"

पोरांना लांब उभं करून आत्याने काळा चष्मा चढवला. दोन्ही टाक्या जोडून गार झाल्यावर टिंगी मॅनेजरकाकांकडे गेली. "काका, तपासणी तुम्हीच करा ना! तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

काकांची कळी खुलली. ते ऐटीत तोट्यांसमोर उभे राहिले. बंब्याने दोन्ही टाक्या पाण्याने भरल्या. एकीचा जोड अगदी कोरडा ठणठणीत. दुसरी मात्र टप, टप, टप... थेट काकांच्या बुटांवर!

"बघा बाई, पुन्हा तेच!"

"थांबा काका!" टिंगी पुढे झाली. "ही गळकी आहे ना, ती तुम्ही दुपारी पुसलीत. कोरडीला तुमचं फडकं लागलेलंच नाही. ती आम्ही पळवली होती!"

"अगं, मी नुसती चमक आणत होतो..."

"पण काका, त्या बाटलीत काय असतं? ते सुकल्यावर दिसतं का? मग चांदी आत पळणार कशी?"

आत्याने काकांच्या खिशातलं फडकं बोटांत चोळून पाहिलं. "तेलकट आहे. तेल लागलं की चांदी आत शिरतच नाही," ती म्हणाली.

काकांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता, पण चमक दिसली की भान हरपायचं. सगळे कामगार जमले होते, तरी त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"बाई, चूक माझी, आणि बोल तुम्हाला लावला. जोडकाम तुमचंच. आणि पोरांनो, शाबास! आज तुम्ही माझे डोळे उघडलेत."

मग काय विचारता! टाक्या थिनरने पुसून काढल्या, आत्याने नव्याने घासल्या आणि लगेच जोडल्या. तपासताना एकही थेंब टपकला नाही. ट्रक भरून रवाना झाला आणि कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना बंब्या छाती काढून चालत होता. आत्या मात्र वाटेतच थांबली. तिने तिघांना जवळ ओढलं. तिचे डोळे भरून आले होते.

"आठवडाभर मीच माझ्या हातांवर संशय घेत होते रे," ती म्हणाली. "तुम्ही मात्र एकदाही घेतला नाहीत."