एकतीस जोड्यांची साक्ष

"कोणीतरी माझं इतकं कौतुक केलंय, की तोंड दाखवायला जागा उरली नाही," असं म्हणत जोडेवाले आत आले. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी डॉक्टरांच्या चपलांकडे नापसंतीने पाहिलं.

लोकांच्या भानगडी उकलणं हा अक्कांचा व्यवसाय. डॉक्टर त्यांचे मेहुणे, निवृत्त दंतवैद्य. आता दात नाहीत तर निदान अक्कांचे तपास तरी उपटू, म्हणून सोबत फिरायचे.

जोडेवाले वाकड्या, तोकड्या, दुखऱ्या पायांसाठी जोडे बनवत. दीड महिन्यात त्यांच्या दुकानाला इंटरनेटवर पाच ताऱ्यांचे एकतीस अभिप्राय आले होते. सगळे मंगळवारी सकाळी, नव्या खात्यांवरून आणि एकाच संगणकावरून. हे हेरून संकेतस्थळाने कळवलं होतं, की आज पाचपर्यंत खुलासा नाही केला, तर दुकानाच्या पानावर 'खोटे अभिप्राय' असा शिक्का बसेल.

"चाळीस वर्षांचं नाव आहे माझं! आणि हे उद्योग जावयाचेच, दुकान वाढवायचं खूळ आहे त्याच्या डोक्यात. आठ दिवस दुकानाची पायरी चढू दिली नाही त्याला. लेकीनंही बोलणं टाकलंय."

"अभिप्राय वाचलेत?"

"खोटं काय वाचायचं?"

"बरोबर आहे!" डॉक्टर म्हणाले. चार हजार लोकांनी वाखाणलेली किटली त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी गळली होती. तरी अक्कांच्या धाकाने त्यांनी वाचायला घेतलं. "'डाव्या टाचेची आग थांबली. जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही.' 'जोडे उत्तम, माणूस खेकसतो.'"

अक्का खुदकन हसल्या. "चला, दुकान बघू."

दुकानाच्या भिंतीवर खाकी कागदांवर काढलेल्या पावलांच्या आकृत्या होत्या. जोडेवाले गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नसत; पाऊल काढायचं आणि दुखतं तिथे खूण करून शेजारी दुखणं लिहायचं. बऱ्याच कागदांना फिजिओथेरपी केंद्राची निळी चिठ्ठी टाचलेली होती.

"सगळ्यांना मंगळवारीच बोलावतात," डॉक्टर चिठ्ठ्या वाचत कुरकुरले. "उपचार आहेत की आठवड्याचा बाजार?"

अक्का फोनवरचे अभिप्राय आणि भिंत आळीपाळीने बघत राहिल्या. मग त्यांनी जावयाला फोन लावला.

"मी लिहिले असते तर दुकानाचा फोटो, पत्ता, वेळ सगळं टाकलं असतं," जावई म्हणाला. "आणि बाबा खेकसतात हे मी लिहीन होय? मला घरात राहायचंय!"

समोरचा चपलांचा दुकानदार भलताच खुशीत होता. "त्यांना बदनाम करून मला काय मिळणार? मी वाकडे पाय घेतच नाही. आमचे अभिप्राय बघा, दोनशे! एक तक्रार नाही."

"खरंच नाही," अक्का वाचून म्हणाल्या. "आणि एक पायही नाही."

आजही मंगळवारच होता. अकरा वाजता त्या जोडेवाल्यांना घेऊन फिजिओथेरपी केंद्रात पोचल्या. बाकांवर माणसं आपली पाळी येण्याची वाट बघत होती. काउंटरवरच्या बाई एका आजोबांचं बोलणं संगणकावर टाइप करत होत्या.

"हा तो संगणक," अक्का म्हणाल्या. "विकत घेतलेलं कौतुक कधी खेकसण्याची तक्रार करत नाही. जावयाला दुकान वाढवायचं होतं, पण या एकतीस जणांत दुकानाबद्दल अवाक्षर नाही. आहे ते प्रत्येकाचं दुखणं. ती दुखणी भिंतीवरच्या आकृत्यांशी जुळवली. एकतीसच्या एकतीस जुळली, आणि त्या प्रत्येक कागदाला इथली मंगळवारची चिठ्ठी होती. म्हणजे माणसं खरी, संगणक तेवढा एक."

काउंटरवरच्या बाई घाबरल्या. "यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, बोटं चालत नाहीत. ते सांगतात, मी लिहिते. खातीही मीच उघडून दिली. चुकलं का माझं?"

"पत्र द्या तसं, केंद्राच्या शिक्क्याचं. लगेच पाठवू."

"मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?" डॉक्टर गोंधळले.

"तारे मोजू नका. कुठे दुखत होतं, ते सांगितलंय का बघा."

बाकावरच्या एक आजी काठी न घेता उठल्या. "तुम्हीच ना ते खेकसणारे? आभार मानायला आलं की 'चला, पुढचा' म्हणता. मग आम्ही सांगायचं कुठे? सहा वर्षांनी मी माझ्या पायांनी बहिणीच्या घरी गेले हो!"

जोडेवाल्यांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग बाकावरच्या बाकीच्या पायांकडे. सगळे जोडे ओळखीचे होते. त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसले.

चारच्या आत शिक्क्याचं संकट टळल्याचं उत्तर आलं. ते वाचून होताच जोडेवाल्यांनी फोन लावला.

"जावईबापू, मी चुकलो. लेकीला घेऊन या."

पलीकडून जावई काय म्हणाला, ते डॉक्टरांना ऐकू आलं नाही. जोडेवाले मात्र कितीतरी वेळ, एकदाही न खेकसता, नुसतं "हो, हो" म्हणत होते.